चौथ्या माणसाची जागा

पुस्तक चोवीस पानांचं होतं आणि त्यात अठ्ठ्याऐंशी चौकटी होत्या. मुलगी पंचवीस वर्षांची होणार होती. तिच्या जन्मापासूनचे फोटो एका पुस्तकात लावायचे, छापून घ्यायचे आणि पुण्याला तिच्याकडे पाठवायचे, असं मी ठरवलं होतं. अशी पानं तयार मिळतात हे तिनंच मला मागं कधीतरी दाखवलं होतं. कॉम्प्युटरवर पान उघडायचं. रंग, वेलबुट्टी, फाटल्यासारख्या दिसणाऱ्या कागदाच्या कडा, चिकटपट्टीचे तुकडे, सगळं आधीच काढून ठेवलेलं असतं. मधे करड्या रंगाच्या रिकाम्या चौकटी असतात. आपण फोटो उचलायचा आणि चौकटीत सोडायचा.

मला हे काम आवडलं. मी पाटबंधारे खात्यात आहे. तलावाची पातळी, सोडलेलं पाणी, पडलेला पाऊस यांचे आकडे लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. फोटोंचंही मी तसंच केलं. एका वहीत पान क्रमांक, चौकट क्रमांक, आडवी की उभी, आणि त्यात कोणता फोटो, असं लिहून काढलं. दर रविवारी दुपारी जेवण झालं की दोन पानं करायची. बारा रविवार लागतील असा माझा हिशेब होता. तेरा लागले.

घरात तेव्हा आम्ही तिघं राहत होतो. मी, बायको आणि बाई. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला मानोऱ्याकडच्या एका गावात दिली होती. दोन वर्षांनी ती एक पिशवी घेऊन परत आली, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. तिला न्यायला कोणी आलं नाही. तिनं वाट पाहिल्याचंही मला आठवत नाही. नवऱ्यानं दुसरी केली असं पुढं कानावर आलं. सोडचिठ्ठीचा कागद कोणताच झाला नाही. मला कारंज्याला नोकरी लागली तेव्हा ती माझा स्वयंपाक करायला म्हणून आली आणि इथंच राहिली. नंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली. बायको शाळेत शिकवते, तेव्हा मुलीला वाढवलं ते बाईनंच. अंघोळ, वेण्या, डबा, शाळेत नेणं-आणणं. मुलीला एकटीला झोप येत नसे, ती दहावीपर्यंत बाईच्या बाजेवर झोपली.

आता तीन माणसांच्या फोटोबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

तिघांचा फोटो काढू नये, मधल्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या भागात म्हणतात. आजोबांच्या वेळी आमच्या घरानं धर्म बदलला तेव्हा असलं पुष्कळ काही घराबाहेर गेलं. लिंबू-मिरची नाही, मुहूर्त नाही, उतारा नाही. वडील त्या बाबतीत कडक होते. पण ही एक गोष्ट कशी कोण जाणे मागं राहिली. बायको शाळेत विज्ञान शिकवते, तीही पाळायची. स्टुडिओत गेलं तर फोटोवालाच म्हणायचा, चौथं कोणी बोलवा. मी मानत नव्हतो. पण चौथं माणूस बोलावण्यात आपलं जात काहीच नव्हतं, म्हणून कधी वाद घातला नाही.

नवरा, बायको आणि एकुलती मुलगी. आमच्या घराचा आकडाच तीन. त्यामुळं दर वाढदिवसाला, निकालाच्या दिवशी, नवी गाडी आली तेव्हा, शेजारच्या काकू कॅमेरा धरून उभ्या राहिल्या की बायको आत आवाज द्यायची.

"बाई, या न जरा. फोटो काढतो."

"मले काहून बोलावता? उभे राहा न तिघं."

"तिघं कसे उभे राहू?"

"मंग मी काय बाजेचा चौथा खूर आहो का? बाज डुगडुगली का बाईले बोलवा."

असं म्हणत ती यायचीच. पदराला हात पुसत यायची आणि बायकोच्या पलीकडे, अगदी कडेला उभी राहायची. मधे कधी उभी राहिली नाही. एरवी तिला फोटो नको असायचा. मुलीनं मोबाइल रोखला की पदर तोंडावर घ्यायची. "वाळल्या तोंडाचा काय फोटो काढतं वं," म्हणायची. पण चौथी म्हणून बोलावलं तर नाही म्हणत नसे. ते कामच होतं, आणि कामाला ती कधी नाही म्हणाली नाही.

माझ्याजवळ एकूण चारशे बारा फोटो जमले. जुने अल्बममधले होते. एका पावसाळ्यात भिंतीतून ओल आली आणि ते प्लॅस्टिकला चिकटले. निघतील तसे एका स्टुडिओतून कॉम्प्युटरसाठी उतरवून घेतले आणि फाटलेले कागद टाकून दिले. बाकीचे मोबाइलमधले. सगळे एका ठिकाणी ठेवले. त्यांत बाई एकतीस फोटोंत होती. सगळ्याच्या सगळ्या वेळी चौथी. ते एकतीसही मी पुस्तकात घेतले.

पुस्तकाच्या तयार पानांत कुटुंबासाठी ज्या चौकटी होत्या त्या चौघांना पुरत नव्हत्या. कोणीतरी कुठंतरी बसून ही पानं काढताना आई, बाप आणि मूल एवढंच डोळ्यांपुढं ठेवलं असावं. एका पानावर तर तारेवर बसलेली तीन पाखरं छापलेली होती. चौघांचा आडवा फोटो त्या चौकटीत सोडला की तोंडं बारीक व्हायची, किंवा मी अर्धा कापला जायचो आणि मुलगी एका बाजूला सरकायची. म्हणून मी रीत ठरवली. फोटो आधी उघडायचा, डावीकडून छाटायचा, तिघं नीट मधोमध आणायचे, जतन करायचा आणि मग चौकटीत सोडायचा. जतन करताना कॉम्प्युटर विचारतो, याच फोटोवर करू की वेगळी प्रत करू. एकाच फोटोच्या दोन प्रती झाल्या की घोळ होतो. एका पावसाची नोंद दोनदा झाली तर तलाव कागदावरच भरतो. मी दर वेळी 'याच फोटोवर' दाबलं.

दाबताना आपण काय करतो आहोत हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळायला हवं होतं. माझ्या मनात असं होतं की उतरवून घेतलेला मूळ फोटो कुठंतरी वेगळा असतोच. तो कुठं असतो, हे मी तपासलं नाही. ज्या पेनड्राइव्हवर स्टुडिओवाल्यानं जुने फोटो दिले होते, तो मी आधीच पुसून ऑफिसच्या कामाला घेतला होता. मोबाइलमधले फोटोही कॉम्प्युटरवर घेतल्यावर, जागा भरते म्हणून, मोबाइलमधून काढून टाकले होते.

सातव्या की आठव्या रविवारी बाई तांदळाचं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. तांदूळ निवडता निवडता पाहत होती.

"हा पोरगी चौथीत होती तवाचा हाये न? तिले गोवर निंगाला होता त्याच्या मांगचा."

"हो."

"मी नाही का यात?"

"या पानावर तिघाचीच जागा हाये, बाई. चौघं घेतले का तोंडं बारीक होतात."

"असं." तिनं दोन-चार खडे काढून बाजूला ठेवले. "पन भाऊ, मंग तीन झाले न. मधात पोरगी हाये."

"फोटो काढला तवा चौघंच होतो न? कापल्यानं काय होते?"

"काय होते थे मले काय मालूम. मी कुठं शाळा शिकली." जरा वेळानं म्हणाली, "माहा हात तरी राहू दे कोपऱ्यात. चार तं होतीन."

बायकोच्या खांद्यामागून बाईचा हात दिसत होता. मी म्हणालो, "नुसता हात वाईट दिसते."

"वाईट तं दिसनच," ती हसली. "त्याच्यात बांगड्या नाहीत."

मी आणखी थोडं छाटलं. हात गेला. ती ताट घेऊन उठली. ती रागावली नव्हती. स्वतःला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखंच जेवायला बोलावलं आणि नेहमीसारखीच माझी भाकरी आधी वाढली.

ऑक्टोबरात पुस्तक छापून पुण्याला पोचलं. मुलीचा फोन आला. खूश होती, पान न् पान पाहून झालं होतं. मग म्हणाली, "बाबा, आत्या कुठाय? एकाही पानावर नाही."

"मूळ फोटोंत आहे ना," मी म्हणालो. "एकतीस फोटोंत आहे. कॉम्प्युटरवर आहेत सगळे."

"मग ठीक."

मी आकडा सांगितला की घरातले लोक विश्वास ठेवतात.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी बाईनं चहा ठेवला आणि छातीत जळजळते म्हणून ओट्याला टेकून खाली बसली. मी गाडी काढून दारात आणेपर्यंत तिची मान कलली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मान हलवली. ती एकोणसाठ वर्षांची होती. मुलगी रात्रभर प्रवास करून आली आणि शुक्रवारी सकाळी आम्ही बाईला नेलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यातल्या रविवारी ठेवला. त्याला फोटो लागतो. बुद्धांच्या मूर्तीशेजारी टेबलावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो, लोक येऊन त्याला फुलं वाहतात, मेणबत्ती लावतात. नंतर तोच घरात भिंतीवर राहतो. मुलगी चार दिवस राहून पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, त्या एकतीसमधला आत्याचा चांगला पाहून ठेवा. तिचा एकटीचा काढून मोठा करू."

तिला गाडीत बसवून आलो आणि कॉम्प्युटर लावला. पहिला फोटो उघडला. तिघं. दुसरा उघडला. तिघं. मला वाटलं, मी पुस्तकासाठीचे उघडले आहेत, मूळचे दुसरीकडे असतील. शोधलं. दुसरीकडे असं काही नव्हतं. एकतीसच्या एकतीस उघडून पाहिले. मी काम चोख केलं होतं. कुठं पदराचं टोक नाही, कोपर नाही, जमिनीवर सावली नाही. जिथं बाई उभी होती तिथं फोटोच संपत होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे मशीन उचलून नेलं. त्यानं दोन तास घेतले. म्हणाला, पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. त्याच जागेवर दुसरं लिहिलं की खालचं राहत नाही. मी शेजारच्या काकूंना विचारलं, नातेवाइकांना फोन केले, पण कोणाकडे काही निघालं नाही. मुलीच्या मोबाइलमध्ये काय आहे ते आडून विचारलं. तिच्याकडे तीन निघाले. एकात बाई ओट्याकडे तोंड करून उभी, पाठमोरी. एकात तोंडावर पदर. तिसरा अकरा सेकंदांचा व्हिडिओ, त्यात बाईचा आवाज आहे आणि चित्र मांजराचं आहे.

शेवटी मी तिचं आधार कार्ड घेऊन बसस्टँडजवळच्या एका स्टुडिओत गेलो. त्यावरचा फोटो सगळ्यांचा असतो तसाच होता. कोणी तरी ओरडल्यावर माणूस पाहतं तसे डोळे. स्टुडिओवाला चांगला माणूस होता. म्हणाला, "होते, काकाजी. तोंडाचं साफ करून देतो. खालचं तयार असते आमच्याजवळ." त्यानं एक फोल्डर उघडलं. त्यात बायका होत्या, ओळीनं, गळ्यापासून खाली. साड्या नेसलेल्या, हात मांडीवर ठेवलेल्या, आणि एकीलाही डोकं नव्हतं. सहासष्ट होत्या; खाली आकडा दिसत होता.

"सवाष्न का?"

मी टेबलावरचं आधार कार्ड सरळ केलं.

"नाही म्हंजे, पोथ आन् कुंकवाचं असं येगळं हाये न. मालक हायेत का त्याहिचे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. सदतीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता आणि आम्ही एकमेकांना विचारला नव्हता. रेशन कार्डावर ती माझी बहीण होती, तेवढंच.

"गळ्यात काही नको," मी म्हणालो.

"मोकळा गळा चांगला नाही दिसत, काकाजी. भिंतीवर राह्यते फोटो." त्यानं जांभळी साडी, सोनेरी काठ आणि बारीक साखळी असलेली एक बाई निवडली. आमच्या बाईचं तोंड उचलून तिच्यावर ठेवलं, मान जुळवली, रंग सारखा केला. मग गाल साफ करता करता कपाळावर आला. "हा डाग काढून टाकतो."

"डाग नाही तो. गोंदण आहे तिचं."

"अच्छा." त्यानं दोन बोटांनी कळा दाबल्या आणि गेलेलं गोंदण परत आलं. इतकं सोपं होतं ते. मी पाहत राहिलो. त्यानं विचारलं, आणखी काही का? मी नाही म्हणालो.

रविवारी दोनशेच्या वर माणूस आलं. बाईला एवढी माणसं ओळखत होती हे मला माहीत नव्हतं. भाजीवाल्या आल्या, मुलीच्या जुन्या शाळेतली शिपाईण आली. त्रिशरण, पंचशील झालं. लोकांनी फुलं वाहिली. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, फोटो चांगला आला, साडी शोभते. बायकोनं पाहिलं आणि ती मेणबत्त्या सरळ करत राहिली. मुलगी शनिवारी रात्री आली होती, तेव्हा फोटो कागदात गुंडाळलेला होता. कार्यक्रमात ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर, आम्ही सतरंज्या झटकत होतो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तोंड आत्याचं आहे. बाकी कोणाचं आहे?"

मी म्हणालो, "तयार मिळतं तसं."

"का पण? तुम्ही म्हणाले होते एकतीस आहेत."

मी सतरंजीची घडी घातली. मग सांगितलं. कसं छाटलं, कुठं दाबलं, पेनड्राइव्ह, मोबाइल, दुरुस्तीवाला, सगळं क्रमानं सांगितलं. बायकोही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होती.

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"आत्याले माहीत होतं? तुम्ही तिले कापून राह्यले होते ते?" पुण्याला गेल्यापासून तिची भाषा बदलली आहे, पण तेव्हा ती घरच्यासारखं बोलली.

"शेजारीच बसली होती," मी म्हणालो. आणि हाताचंही सांगितलं. ते नसतं सांगितलं तर कोणाला कळलं नसतं. पण अर्धं सांगून मला बसता आलं नसतं.

मुलगी रडली नाही. बायको रडली. मुलगी आत गेली आणि बाईच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅगेतून पुस्तक काढून टीव्हीशेजारी ठेवलं. मूळ फोटोंत आत्या कुठं उभी होती ते ताडून पाहायचं म्हणून ती ते पुण्याहून बरोबर घेऊन आली होती. जाताना नेलं नाही. मी बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. तिनं पाण्याची बाटली घेतली का, एवढंच मी विचारलं.

तीन आठवडे ती आईशीच बोलली. मग एका रविवारी माझ्या फोनवर फोन आला. म्हणाली, "बाबा, ती कोणत्या फोटोत कुठं उभी होती, काय करत होती, ते तरी लिहून द्या. तुम्हाला आठवत असंल ना?" मी म्हणालो, आठवतं.

पुस्तक समोर घेऊन बसलो. पान क्रमांक, चौकट क्रमांक, आणि त्यापुढं जे छाटलं ते. पान दोन, चौकट एक: पहिला वाढदिवस, बायकोच्या डावीकडे, हाताला बेसन, पाहते आहे मुलीकडे, कॅमेऱ्याकडे नाही. पान सहा, चौकट तीन: शाळेचा पहिला दिवस, मुलीची पाण्याची बाटली बाईच्या खांद्याला, तेवढं एक तिला शोभून दिसत होतं. पान पंधरा, चौकट दोन: दहावीचा निकाल, हिरवी साडी, डोळे मिटलेले, सगळ्यांचे उघडे असताना हिचेच कसे मिटतात म्हणून आम्ही हसलो होतो, आणि काकू दुसरा काढते म्हणाल्या तर बाई, राहू द्या, म्हणाली.

एकोणीस फोटोंचं लिहून झालं. बायकोला विचारलं, तिनं आणखी एक सांगितला, पण तिनं सांगितलेली साडी त्या वर्षी घेतलेलीच नव्हती, म्हणून तो घेतला नाही. उरलेल्या बारांत बाई हसत होती की नाही, काय नेसली होती, हात कुठं होता, मला आठवत नाही. मी रोज तिच्या हातचं जेवत होतो आणि मला आठवत नाही. अंदाजानं लिहिलं असतं तर मुलीला कळलं नसतं. त्या बारांपुढं मी 'बाई होती' एवढंच लिहिलं आणि कागद पुण्याला पाठवला.